घोरणं म्हणजे गाढ झोप नाही : झोपेत श्वास अडकण्याचा आजार ओळखायचा कसा, तपासायचा कुठे?

खडकवासला : घरातला माणूस पडल्या पडल्या मोठ्याने घोरायला लागला की बाकीचे म्हणतात, "दमलाय बिचारा, ढाराढूर झोपलाय." खडकवासला, गोऱ्हे, डोणजे, खानापूर ही धरणकाठची गावं असोत की पुढे वेल्हे-मुळशीच्या वाड्यावस्त्या, समज सगळीकडे हाच. पण घोरता घोरता आवाज एकदम बंद होत असेल, काही सेकंद श्वासच थांबत असेल आणि मग माणूस गुदमरल्यासारखा दचकून मोठा श्वास ओढत असेल, तर ती गाढ झोप नाही. तो आजार आहे. डॉक्टर त्याला 'स्लीप ॲप्निया' म्हणतात.

या आजाराची गोम अशी की ज्याला तो आहे त्याला काहीच कळत नाही, कारण तो झोपलेला असतो. कळतं ते शेजारी झोपणाऱ्याला. म्हणून ही माहिती घोरणाऱ्याने वाचावीच, पण त्याच्या घरच्यांनी आधी वाचावी.

बप्पी लाहिरींमुळे नाव कानावर आलं

बऱ्याच लोकांनी या आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते फेब्रुवारी २०२२ मध्ये. संगीतकार बप्पी लाहिरी यांचं १५ फेब्रुवारीच्या रात्री मुंबईत जुहूच्या रुग्णालयात निधन झालं. वय ६९. त्याआधी महिनाभर ते रुग्णालयात होते आणि आदल्याच दिवशी घरी आले होते. मृत्यूचं कारण म्हणून डॉक्टरांनी 'ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया' हे नाव सांगितलं. त्यांना इतरही आजार होते.

याचा अर्थ घोरणारा माणूस रात्रीत दगावतो असा नाही. तसं घाबरायचं कारण नाही. हा आजार बहुतेक वेळा हळूहळू, वर्षानुवर्षं शरीर पोखरतो. बीपी वाढवतो, हृदयावर ताण आणतो, गाडी चालवताना डुलकी आणतो. वेळेवर ओळखला तर त्यावर उपचार आहेत.

हा आजार किती लोकांना आहे?

मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं आजारी म्हणून आलेली नव्हती, नेहमीच्या तपासणीला आलेली होती. तरी दर पाच जणांत जवळपास एकाचा श्वास झोपेत अडकत होता. श्वास अडकतो आणि दिवसाही झोप येते, असे साडेसात टक्के निघाले. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून अंदाज काढला. त्यानुसार कामकरी वयाच्या सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना हा आजार आहे, आणि त्यातल्या ४ कोटी ७० लाख जणांचा आजार मध्यम किंवा तीव्र आहे.

यातल्या बहुतेकांची तपासणी कधीच झालेली नाही. घोरणं हा आजार असू शकतो हेच घरात कुणाला वाटत नाही.

नेमकं होतं काय?

विहिरीवरच्या मोटारीला मऊ पाइप सक्शनला लावला तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. मोटार ओढायला लागली की पाइप चपटा होतो, आतल्या बाजू चिकटतात आणि पाणी बंद. म्हणून सक्शनला कडक पाइप लागतो.

आपला घसा हा मऊ पाइपच आहे. जागेपणी घशाचे स्नायू तो ताणून उघडा ठेवतात. झोपेत स्नायू सैल पडतात. ज्याच्या मानेवर आणि घशात चरबी जास्त, जीभ जाड, जबडा लहान किंवा मागे, टॉन्सिल मोठे, त्याचा रस्ता आधीच अरुंद असतो. श्वास ओढला की तो आणखी दबतो. थोडा दबला तर हवा थरथरत जाते, ते घोरणं. पूर्ण बंद झाला तर छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही.

मग रक्तातला प्राणवायू उतरायला लागतो. मेंदूला धोक्याची खबर जाते आणि तो माणसाला क्षणभर जागं करतो. घसा उघडतो, जोराचा श्वास आत येतो, माणूस कुशीवर वळतो आणि परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर डॉक्टर तो एक वेळ धरतात. श्वास पूर्ण थांबला नाही, पण बराच कमी होऊन प्राणवायू उतरला, तर तेही मोजतात. तासाला सरासरी किती वेळा असं झालं, त्यावर आजाराची पायरी ठरते :

- ५ पेक्षा कमी : मोठ्या माणसात सर्वसाधारण
- ५ ते १४ : सौम्य
- १५ ते २९ : मध्यम
- ३० किंवा जास्त : तीव्र

तासाला ३० वेळा म्हणजे सात तासांच्या झोपेत २१० वेळा. रात्रीत कुणी दोनशे वेळा हलवून उठवलं तर सकाळी जी अवस्था होईल, तीच या माणसाची रोज होते.

लक्षणं : रात्रीची आणि दिवसाची

रात्री :
- मोठ्याने, जवळपास रोज घोरणं. भिंतीपलीकडे आवाज जाणं
- घोरता घोरता शांतता, मग गुदमरून किंवा घरघरून श्वास
- दचकून उठणं, घाम येणं
- लघवीला पुन्हा पुन्हा उठावं लागणं (शुगर आणि प्रोस्टेटमुळेही असं होतं)

दिवसा :
- सात-आठ तास झोपूनही अंग जड
- सकाळी डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं
- बसल्या जागी डुलकी. एसटीत, कीर्तनात, ग्रामसभेत, टीव्हीसमोर
- चिडचिड, विसराळूपणा, कामात लक्ष न लागणं

इथे आपल्या भागापुरता एक मुद्दा लक्षात ठेवायला हवा. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीत असली की शेतकरी मध्यरात्री पाणी द्यायला जातो. दूध घालणारा पहाटे चारला उठतो. चौपाटीवरचा भजी-कणसाचा गाडा शनिवार-रविवारी उशिरापर्यंत चालतो. कंपनीत आणि सिक्युरिटीत नाईट असते. या लोकांना झोप येते ती झोप कमी पडल्यामुळेही असू शकते. फरक ओळखायचा तो असा : सलग आठवडाभर पुरेशी झोप मिळाली आणि तरीही सकाळी ताजंतवानं वाटत नसेल, वर घोरणंही असेल, तर दोष झोपेच्या तासांचा नाही, झोपेतल्या श्वासाचा असण्याची शक्यता जास्त.

बायका आणि मुलं यांच्यातही होतो

हा पुरुषांचा आजार असा समज आहे. पुरुषांत प्रमाण जास्त आहे हे खरं. पण पाळी गेल्यानंतर बायकांतही ते वाढतं. त्यांच्यात मोठं घोरणं नसेलही. सतत थकवा, रात्री झोप न लागणं, सकाळची डोकेदुखी, उदास वाटणं अशा तक्रारी असतात, आणि त्यावर "कामाचा शीण आहे" म्हणून गोळी घेऊन भागवलं जातं. बाईमाणूस घोरते हे सांगायचीही घरात लाज वाटते. तपासणी राहून जाते. गरोदरपणात नव्याने घोरणं सुरू झालं आणि बीपीही वाढलं तर डॉक्टरांना लगेच सांगावं.

लहान मुलांत कारण बहुतेक वेळा वाढलेले टॉन्सिल किंवा नाकामागची ॲडेनॉइडची गाठ असते. मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, अंथरुणभर लोळतं, कधी अंथरूण ओलं करतं, शाळेत एका जागी बसत नाही. मास्तर म्हणतात वांड आहे. अशा मुलाला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं. गाठ आणि टॉन्सिल काढल्यावर बऱ्याच मुलांचा त्रास थांबतो.

दुर्लक्ष केलं तर काय होतं?

बीपी : श्वास अडकला की शरीर दर वेळी संकट आल्यासारखं वागतं. ताणाची रसायनं सुटतात, नाडी धावते, रक्तदाब चढतो. रोज रात्री हे झालं की दिवसाचं बीपीही चढं राहतं. तीन-तीन गोळ्या चालू असूनही बीपी खाली येत नसेल, तर डॉक्टर मुद्दाम घोरण्याबद्दल विचारतात.

हृदय आणि मेंदू : ठोके अनियमित पडणं, हृदय कमजोर होणं आणि पक्षाघात, म्हणजे लकवा, यांचा या आजाराशी संबंध आढळला आहे.

शुगर : प्रत्येक रात्री तुटलेली झोप आणि उतरलेला प्राणवायू यामुळे इन्सुलिनचं काम बिघडतं. जाडी दोन्ही आजारांना एकदमच आणते, म्हणून मधुमेह आणि हा आजार एकाच माणसात बऱ्याचदा सापडतात.

ऑपरेशन : भूल देताना आणि नंतर गुंगीत घसा आणखी सैल पडतो. हर्नियाचं असो की गुडघ्याचं, ऑपरेशनच्या आधी "हे रात्री फार घोरतात, श्वास थांबतो" हे भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं.

अपघात : ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. कात्रज बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किंवा पानशेत रस्त्याच्या वळणांवर तीन सेकंदांची डुलकी काय करील ते सांगायला नको. अमेरिकेत होबोकेन इथे २९ सप्टेंबर २०१६ रोजी लोकल गाडी फलाटाच्या टोकाला न थांबता आदळली. एक बाई गेली, शंभरावर लोक जखमी झाले. चालकाला तीव्र स्लीप ॲप्निया होता आणि तो कुणी ओळखलाच नव्हता, असं चौकशीत निघालं. टेम्पो, ट्रॅक्टर, रिक्षा, स्कूलबस चालवणाऱ्यांनी म्हणून हे लक्षण अंगावर काढू नये.

घरच्या घरी आठ प्रश्न

कॅनडातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये आठ प्रश्नांची एक सोपी यादी केली. आज जगभर दवाखान्यांत ती वापरतात. प्रत्येक 'हो'ला एक गुण :

१. बंद दाराबाहेर ऐकू जाईल एवढं घोरणं आहे का?
२. दिवसा थकवा किंवा झोप येते का?
३. झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का?
४. बीपी आहे किंवा बीपीची गोळी चालू आहे का?
५. वजन फार जास्त आहे का? (यादीत बीएमआय ३५ च्या पुढे. म्हणजे साडेपाच फूट उंचीला साधारण ९८ किलोच्या वर)
६. वय ५० च्या पुढे आहे का?
७. गळ्याचा घेर ४० सेंमीपेक्षा, म्हणजे जवळपास १६ इंचांपेक्षा जास्त आहे का?
८. पुरुष आहे का?

दोनपर्यंत गुण म्हणजे धोका कमी, तीन-चार म्हणजे मध्यम, पाच आणि पुढे म्हणजे जास्त. पण भारतीयांत कमी वजनालाही आजार जडतो. आपल्याकडे बीएमआय २५ लाच लठ्ठपणा धरतात. त्यामुळे माणूस किडकिडीत आहे म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं 'हो' सोडून देऊ नये. श्वास थांबलेला पाहिला असेल तर बाकी गुण कमी असले तरी डॉक्टर गाठावा.

मोबाइलचा खरा उपयोग

घोरणाऱ्याला कितीही सांगा, तो मानत नाही. "मी कुठे घोरतो?" हेच उत्तर. त्यावर उपाय खिशातच आहे. रात्री झोप लागल्यावर छाती आणि तोंड दिसेल असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या. आवाज बंद होऊन परत श्वास येईपर्यंत थांबा, मध्येच बंद करू नका. हा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायचा आहे, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून हसायचं नाही. हसलं की माणूस चिडतो आणि दवाखान्यात यायचं टाळतो.

कोविडच्या वेळी घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात असतं. मध्येच जाग आल्यावर एकदा ते लावून ९७ दिसलं म्हणून आजार नाही असं होत नाही. प्राणवायू उतरतो तो झोपेत, काही सेकंदांपुरता. घड्याळ आणि ॲप यांच्या आकड्यावरही निदान होत नाही.

तपासणी कशी आणि कुठे?

पहिली पायरी गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे ३० वर्षांवरच्या लोकांचं बीपी आणि शुगर मोफत तपासतात. त्याच वेळी घोरण्याचं सांगावं आणि पुढची चिठ्ठी घ्यावी. घरच्या माणसाने सोबत जावं, कारण रात्रीचा साक्षीदार तोच असतो.

पुढे कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना दाखवायचं. पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयात हे दोन्ही विभाग आहेत. केसपेपर काढून विचारता येतं. मोठ्या खासगी रुग्णालयांत झोपेची प्रयोगशाळा असते.

मुख्य तपासणीला 'स्लीप स्टडी' म्हणतात. एक रात्र दवाखान्यात झोपायचं. डोक्याला वायरी, नाकाशी बारीक नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला चिमटा. सुई नाही, दुखत नाही. लहान मशीन घरी देऊनही तपासणी होते, ती स्वस्त पडते. कुणाला कुठली पुरेल हे डॉक्टर ठरवतात. थायरॉइड कमी असेल तरी हा त्रास होतो, म्हणून रक्ततपासणीही सांगतात. तपासणीचा आणि मशीनचा खर्च सरकारी योजनेत बसतो का, हे पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

उपचार काय?

वजन : वजन दहा टक्के उतरलं तर श्वास अडकण्याचं प्रमाण साधारण पाव भागाने कमी होतं, असं अमेरिकेतल्या एका जुन्या अभ्यासात दिसलं. ८० किलोच्या माणसाला आठ किलो. रात्रीचं जेवण लवकर आणि कमी, रोज चालणं, एवढ्याने सुरुवात होते.

दारू आणि झोपेची गोळी : दोन्ही घसा सैल करतात. झोप लागावी म्हणून घेतलेली दारू श्वास जास्त अडकवते. झोपेची गोळी मनाने घेऊ नये.

कूस : उताणं झोपल्यावर जीभ मागे पडते. काहींचा त्रास कुशीवर झोपल्याने बराच कमी होतो. बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात चेंडू घालतात, म्हणजे माणूस उताणा होत नाही. सौम्य आजारात याचा उपयोग होतो, तीव्र आजारात एवढ्यावर भागत नाही.

सीपॅप मशीन : मध्यम आणि तीव्र आजारावर हा मुख्य उपाय. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सुलिव्हन यांनी ते शोधलं, १९८१ मध्ये जगापुढे आलं. नाकावर मास्क आणि त्यातून हलक्या दाबाची हवा. त्या हवेने घसा आतून फुगलेला राहतो, मऊ पाइप चपटा होत नाही. यात ऑक्सिजनचा सिलिंडर नसतो, खोलीतलीच हवा असते. "मशीन लागलं म्हणजे शेवट आला" हा गैरसमज आहे. बरेच जण पहिल्या काही रात्रींतच सांगतात की सकाळ हलकी वाटते. पहिले दोन आठवडे मात्र मास्क खटकतो. माप बदलून मिळतं, सोडून देऊ नये.

मशीन रात्रभर लावायचं. २०१६ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात हृदयरोग्यांना मशीन देऊनही झटक्यांचं प्रमाण घटलं नाही. दिवसाची झोप आणि मन मात्र सुधारलं. त्यात लोक रात्री सरासरी ३.३ तासच मशीन लावत होते. म्हणून बीपी-हृदयाच्या गोळ्या मशीन आहे म्हणून बंद करायच्या नाहीत.

मशीनला वीज लागते. लाईट जाणाऱ्या वस्तीवर इन्व्हर्टरची सोय आधी बघावी. पाणी तापवून हवा ओली करणारा भाग जास्त वीज खातो. त्यात डिस्टिल्ड वॉटर घालावं, बोअरचं क्षाराचं पाणी नको. किंमत मोठी म्हणून जुनं मशीन घेणाऱ्यांनी जपावं. फिलिप्स कंपनीने आतल्या फोममुळे आपली लाखो मशीन जून २०२१ मध्ये परत बोलावली होती. जुन्याचं मॉडेल आणि तारीख डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये.

इतर उपाय : जबडा पुढे धरणारी दातांची कवळी, टॉन्सिल किंवा नाकाच्या हाडाचं ऑपरेशन, काही जणांत वजन कमी करण्याचं ऑपरेशन. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपेटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ लोकांच्या या आजारासाठी मान्यता मिळाली. ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही.

हे करू नका

रील बघून तोंडाला चिकटपट्टी लावून झोपू नका. श्वास अडकणाऱ्याचं तोंड बंद करणं धोक्याचं आहे. नाकात घालायचे चिमटे, घोरणं थांबवणारी अंगठी, चूर्ण यांनी आवाज कमी झालाच तरी श्वास अडकणं थांबलं असं होत नाही. घोरणाऱ्याला वेगळ्या खोलीत किंवा ओसरीवर झोपवून प्रश्न मिटत नाही. उलट त्याचा श्वास थांबतो हे बघणारं कुणीच उरत नाही.

लगेच दवाखाना कधी?

छातीत दुखणं, बसूनही धाप लागणं, ओठ निळे पडणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं किंवा उठवूनही माणूस नीट शुद्धीवर न येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.

बाकीच्यांसाठी काम सोपं आहे. आज रात्री घरात कोण घोरतं ते ऐका. आवाज मध्येच बंद पडतो का, तेवढं पाहा. पडत असेल तर या आठवड्यात बीपी तपासून घ्या आणि डॉक्टरांना व्हिडिओ दाखवा.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. औषध आणि उपचार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)